घराण्यांतलें वेड : एका प्रश्नाचा इतिहास



आपल्याकडे लग्नाचीं बोलणीं सुरू झालीं म्हणजे पत्रिका, शिक्षण, मिळकत, घरदार या सर्व गोष्टी समोरासमोर विचारल्या जातात. एक प्रश्न मात्र समोरासमोर विचारण्याची रीत नाहीं. तो मध्यस्थाकरवीं, हलक्या आवाजांत, बहुधा निरोप घेतांना जिन्यांत विचारला जातो : "घराण्यांत कोणाला वेड वगैरे नाहीं ना?" ज्या घरांत एखादा चुलता, एखादी आत्या, एखादा थोरला भाऊ अशा व्याधीनें पछाडलेला असतो, त्या घराला या प्रश्नाची एवढी धास्ती असते कीं, पाहुणे यावयाचे त्या दिवशीं आजाऱ्याला दुसरीकडे नेऊन ठेवतात. जन्मभर शाळामास्तरकी केलेल्या माणसाला गांवांतल्या पुष्कळ घरांच्या आंतल्या खोल्या ठाऊक असतात. अशा बंद ठेवलेल्या खोल्या मला थोड्याथोडक्या माहीत नाहींत.

या प्रश्नाला शास्त्रानें वेळोवेळीं काय उत्तर दिलें, त्या उत्तराच्या नांवाखालीं माणसांनीं काय केलें, आणि आज तें उत्तर कोठवर आलें आहे, हें आज आपणांस सांगावयाचें आहे. मी वैद्य नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेंत गणित शिकविणारा आणि शाळेच्या परसांत मुलांकडून वाटाणा लावून घेणारा मास्तर आहें. परंतु हा इतिहास समजावयास वैद्यकी लागत नाहीं. त्रैराशिक येत असलें म्हणजे पुरे.

प्रथम व्याधीविषयीं दोन शब्द. स्किझोफ्रेनिया हें नांव आतां वर्तमानपत्रांमुळें सर्वांच्या कानांवरून गेलें आहे. मराठींत त्यास छिन्नमनस्कता म्हणतात. एका देहांत दोन माणसें नांदतात असा जो समज सिनेमांमुळें रूढ झाला आहे, तो निखालस चुकीचा आहे. विचार, भावना आणि कृति यांचा आपसांतला सांधा सुटतो, एवढाच त्या नांवाचा अर्थ. बहुधा सोळा ते तीस या वयांत, म्हणजे घरच्यांच्या सर्व आशा त्या मुलावर केंद्रित झाल्या असतां, ही व्याधि डोकें वर काढते. कोणी नसतां आवाज ऐकूं येतात; शेजारी कट करीत आहेत असें खात्रीनें वाटतें; हळूहळू आंघोळ, जेवण, बोलणें यांतलीहि गोडी नाहींशी होते. शंभर माणसांत सुमारें एकाला, कांहीं गणनांप्रमाणें त्याहून कमी जणांना, आयुष्यांत केव्हांतरी ती गांठते. जगांत असा देश नाहीं कीं जेथें ती नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत एमील क्रेपेलिन या जर्मन वैद्यानें वेडाच्या अफाट गोंधळांतून दोन व्याधि वेगळ्या काढल्या. एक उन्माद आणि विषाद यांचे झोके देणारी, व दुसरी तरुणपणींच बुद्धि पोखरणारी. प्रत्येक रोग्याची चिठ्ठी करून ती वर्षानुवर्षें पुरी करीत जावयाची, अशी त्याची चिकाटीची पद्धति होती. दुसऱ्या व्याधीला झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलर यानें १९०८ सालीं स्किझोफ्रेनिया हें नांव दिलें. घराण्यांत ही व्याधि पुन्हां पुन्हां आढळते, हें दोघांच्याहि ध्यानांत आलें होतें. तें तुमच्या-आमच्या आजीलाहि माहीत होतें. प्रश्न होता तो कोणत्या नियमानें आढळते हा.

नियम हाताशीं आलाहि होता. ब्रुन्न येथील मठांत वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या ग्रेगोर मेंडेलचा १८६६ सालीं छापलेला निबंध चौतीस वर्षें धूळ खात पडल्यानंतर १९०० सालीं पुन्हां उजेडांत आला, आणि मग जो तो प्रत्येक गोष्टींत मेंडेलचें प्रमाण शोधूं लागला. वेडांत तें शोधण्याचें काम क्रेपेलिनचा शिष्य एर्न्स्ट रूदिन यानें अंगावर घेतलें. सातशेंहून अधिक कुटुंबांची माहिती गोळा करून १९१६ सालीं त्यानें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हिशेब सोपा होता. ही व्याधि वाटाण्याच्या अप्रकट गुणाप्रमाणें एकाच बीजानें चालत असेल, तर आईबाप निरोगी असलेल्या अशा कुटुंबांत रोग्याच्या भावंडांपैकीं चारांत एक, म्हणजे शंभरांत पंचवीस, आजारी निघावयास हवीं. प्रत्यक्षांत तीं शंभरांत चार-पांचच निघालीं. रूदिननें मग दोन अप्रकट बीजें एकत्र यावीं लागतात असें मानून पाहिलें, कारण तसें मानल्यास सोळांत एक हें प्रमाण येतें व तें त्याच्या आंकड्याच्या जरा जवळ जातें. हें सर्व मोजणीचें काम कसोशीचें होतें, आणि तें तसें होतें हें मान्य केलें पाहिजे.

पुढें १९२२ ते १९२५ च्या सुमारास त्यानें उन्माद-विषादाच्या व्याधीवर तसाच मोठा अभ्यास केला. तेथेंहि आंकडे मेंडेलच्या सांच्यांत बसेनात. हा अभ्यास त्यानें छापलाच नाहीं. तें हस्तलिखित कागदपत्रांच्या संग्रहांत पडून राहिलें, आणि २०१५ सालीं अभ्यासकांनीं तें वाचून त्याची हकीकत प्रसिद्ध केली. सबंध इतिहासांत मला ही गोष्ट सर्वांत जड वाटते. गणित चुकलें तर मुलगा पाटी पुसतो. येथें उत्तर जुळेना म्हणून पाटीच लपविली गेली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तेंच उत्तर कायद्यांत लिहिलें गेलें.

तो कायदा १४ जुलै १९३३ चा. हिटलर अधिकारावर येऊन सहा महिनेहि झाले नव्हते. आनुवंशिक रोग असलेल्यांना संतति होऊं नये म्हणून त्यांच्यावर सक्तीची शस्त्रक्रिया करावी, असा तो कायदा १९३४ च्या पहिल्या तारखेपासून अमलांत आला, आणि त्याच्या यादींत छिन्नमनस्कता नांवानिशीं होती. कायद्याचें अधिकृत भाष्य लिहिणाऱ्या तिघांत रूदिन एक होता. एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर अशीं न्यायालयें गांवोगांव बसलीं. १९४५ पर्यंत सुमारें ४,००,००० माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली. हें खूळ एकट्या जर्मनीचें होतें असें मात्र कोणी समजूं नये. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानानें असा कायदा १९०७ सालींच केला होता, १९२७ सालीं तेथल्या सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या एका संस्थानाचा तसाच कायदा उचलून धरला, आणि तेथें एकंदर साठ हजारांवर माणसें या शस्त्राखालीं गेलीं. प्रगत म्हणविणाऱ्या पुष्कळ देशांतील प्रतिष्ठित मंडळी तेव्हां याच विचाराची होती.

जर्मनी मात्र तेथें थांबली नाहीं. १९३९ च्या शरदांत हिटलरनें एका कागदावर सही केली व तिच्यावर तारीख मागची, म्हणजे युद्ध सुरू झालें त्या १ सप्टेंबरची, घातली. त्या कागदाच्या आधारानें वेड्यांच्या इस्पितळांतून रोग्यांच्या याद्या मागविण्यांत आल्या. करड्या रंगाच्या मोटारी येत, रोग्यांस घेऊन जात, आणि घरीं एक पत्र येई कीं, तुमचा मुलगा अमुक रोगानें अकस्मात् वारला. ग्राफेनेक, हाडामार, हार्टहाइम अशा सहा ठिकाणीं विषारी वायूच्या कोठड्या होत्या. म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनीं ३ ऑगस्ट १९४१ रोजीं देवळांत उभें राहून या हत्येचा जाहीर निषेध केला. त्याच महिन्याच्या अखेरीस वायूचा हा उद्योग थांबविण्याचा हुकूम निघाला. तोंवर सत्तर हजारांवर माणसें मारलीं गेलीं होतीं. नंतर उपासमारीनें आणि औषधांच्या मात्रेनें तें काम इस्पितळांतच चालू राहिलें.

आतां त्रैराशिक. अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं २०१० सालीं असा हिशेब मांडला कीं, जर्मनींतील २,२०,००० ते २,६९,५०० छिन्नमनस्क रोगी एक तर शस्त्रक्रियेनें निःसंतान केले गेले किंवा मारले गेले. म्हणजे त्या काळीं देशांत असलेल्या अशा रोग्यांपैकीं कमींत कमी शंभरीं त्र्याहत्तर. ही व्याधि जर रोग्यांच्याच रक्तांतून पुढें चालत असती, तर पुढल्या पिढींत ती जवळजवळ नाहींशी व्हावयास हवी होती. युद्धानंतर जुने रोगी थोडे आढळले, हें खरें. ते उरलेच नव्हते. परंतु नवे रोगी किती होतात याची मोजदाद १९६५ सालीं मानहाइम शहरांत झाली, तेव्हां तें प्रमाण कमी निघालें नाहीं. अपेक्षेहून जास्तच निघालें.

याचें कारण रूदिनच्या कुटुंबांतच लिहिलेलें होतें. छिन्नमनस्क रोग्यांपैकीं दहांत जवळजवळ नऊ जणांचे आईबाप दोघेहि या व्याधीपासून मुक्त असतात. रोग्यांना मुलें तशींहि थोडींच होतात. मग बीज येतें कोठून? तें निरोग्यांकडून येतें, आणि त्यांना तर कोणी हात लावूं शकत नव्हतें. असें म्हणतांना एका माणसाची आठवण होते. फ्रान्झ कालमान हा बर्लिनच्या इस्पितळांत काम करणारा डॉक्टर १९३५ सालीं तेथल्या परिषदेंत म्हणाला होता कीं, रोग्यांच्या निरोगी नातलगांनाहि संतति होऊं देऊं नये. पुढच्याच वर्षीं त्याला देश सोडून अमेरिकेंत पळावें लागलें, कारण त्याच्या स्वतःच्या रक्तांत ज्यू रक्त होतें.

युद्ध संपल्यावर आनुवंशिकतेचें नांव काढणेंहि पुष्कळांना नकोसें झालें. तें स्वाभाविकच होतें. पण लंबक मग दुसऱ्या टोंकाला गेला. १९४८ सालीं फ्रीडा फ्रॉम-राइखमन या अमेरिकेंत येऊन राहिलेल्या विदुषीनें मुलांत ही व्याधि उत्पन्न करणाऱ्या आईची कल्पना मांडली. अशी आई म्हणे थंड, हेकट, मुलाला झिडकारणारी असते. पुढें पंचवीस-तीस वर्षें अमेरिकेंतील कित्येक इस्पितळांत, पोराच्या दुःखानें आधींच खचलेल्या आईला "हें तुझ्यामुळें झालें" असें सुशिक्षित भाषेंत ऐकावें लागे. आपल्याकडे सुनेला दोष देण्यासाठीं असा ग्रंथ कधीं लागला नाहीं, ही गोष्ट वेगळी.

हा वाद शब्दांनीं मिटण्यासारखा नव्हता. रक्त आणि घर हीं दोन्ही एकाच ठिकाणीं असतात, तोंवर कोणाचा गुण कोणता, हें सांगावयाचें कसें? लेनर्ड हेस्टन या तरुण डॉक्टरनें त्यास एक साधी वाट काढली. ऑरिगन संस्थानांतील इस्पितळांत असतां ज्या छिन्नमनस्क स्त्रिया बाळंत झाल्या, त्यांचीं मुलें जन्मतःच दुसरीकडे वाढविलीं गेलीं होतीं. अशीं ४७ मुलें त्यानें शोधून काढलीं. तशींच दुसरीकडे वाढलेलीं, पण निरोगी आयांचीं, ५० मुलें जोडीला घेतलीं. सर्व मोठीं झालीं होतीं. १९६६ सालीं त्यानें निष्कर्ष छापला : पहिल्या गटांत पांच जण छिन्नमनस्क, दुसऱ्यांत एकहि नाहीं. आईचा सहवास नाहीं, आईचा हेकटपणा नाहीं, तरी व्याधि आली. दोनच वर्षांनीं सिमूर केटी आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं कोपनहेगनमधील सुमारें साडेपांच हजार दत्तक मुलांच्या सरकारी नोंदी चाळून तेंच दाखविलें. आजारी दत्तकांच्या जन्मदात्या नातलगांत ही व्याधि अधिक होती. वाढविणाऱ्या कुटुंबांत ती तशी अधिक नव्हती. आईवरचा आरोप खरोखर त्या दोन कागदांनींच फेटाळला गेला होता. पण आरोप मागें घेण्याची घाई जगांत कोणाला असते?

मग सर्व कांहीं रक्तांतच आहे काय? याचें उत्तर जुळ्यांनीं दिलें. अमेरिकेंत गेल्यावर कालमाननें १९४६ सालीं ६९१ जुळ्यांचा अभ्यास छापून असें सांगितलें होतें कीं, एकसारख्या जुळ्यांपैकीं एक आजारी असल्यास दुसराहि शंभरांत शहायशी वेळां आजारी पडतो. हा आंकडा फुगलेला होता; पुढें कसोशीच्या मोजणींत एवढा पुन्हां आला नाहीं. लंडनच्या मॉड्स्ले इस्पितळांत एलियट स्लेटर यानें १९४८ पासून एक शिस्त घातली : येणाऱ्या प्रत्येक रोग्यास "आपण जुळे आहांत काय" हें विचारावयाचें. सोळा वर्षांच्या त्या नोंदींवर इर्व्हिंग गॉट्समन आणि जेम्स शील्ड्स यांनीं काम केलें. गॉट्समननें पुढें युरोपांतील सर्व चांगले अभ्यास एकत्र करून जीं प्रमाणें काढलीं, तीं पाठ करण्यासारखीं आहेत. सामान्य माणसास धोका शंभरांत १, रोग्याच्या भाचरां-पुतण्यांस ४, भावंडांस ९, रोग्याच्या मुलांस १३, एकसारख्या जुळ्यास ४८. डेन्मार्कच्या नोंदींवरून २०१८ सालीं निघालेला जुळ्यांचा आंकडा तर ३३ च आहे. ज्यांचें बीज अक्षरशः एकच, अशा दोघांपैकींहि दुसरा निम्म्याहून अधिक वेळां वांचतो!

वांचलेल्या जुळ्याजवळ तें बीज असतें कीं नसतें? गॉट्समन आणि डेन्मार्कचा बेर्टेल्सेन यांनीं १९८९ सालीं त्याचेंहि उत्तर दिलें. त्यांनीं आजारी जुळ्यांचीं मुलें आणि निरोगी राहिलेल्या जुळ्यांचीं मुलें निरनिराळीं मोजलीं. आजाऱ्यांच्या मुलांना धोका १६.८, निरोग्यांच्या मुलांना १७.४. दोन्ही आंकडे एकच म्हणावयाचे. निरोगी भावानें बीज जपून ठेवलें होतें, फक्त तें त्याच्यांत उगवलें नव्हतें. कां उगवलें नाहीं, याचीं थोडीं कारणें आज दिसतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मनांनीं हॉलंडची रसद तोडली. त्या उपासमारीच्या ऐन काळांत गर्भांत आलेल्या मुलांत ही व्याधि पुढें दुपटीनें आढळली.

आतां बीज प्रत्यक्ष शोधण्याची गोष्ट. १९८८ च्या नोव्हेंबरांत 'नेचर' या नियतकालिकांत आइसलंड व इंग्लंडमधील कुटुंबांवरून जाहीर झालें कीं, पांचव्या गुणसूत्रावर बीजाचा ठिकाणा लागला; आणि त्याच अंकांत स्वीडनच्या एका कुटुंबावरून दुसऱ्यांनीं दाखविलें कीं तेथें कांहीं नाहीं. पुढें पहिलें म्हणणें टिकलें नाहीं. एका बीजाचा मोह रूदिनबरोबर गेला नव्हता, हें यावरून दिसतें. वास्तविक गॉट्समन व शील्ड्स यांनीं १९६७ सालींच लिहून ठेवलें होतें कीं, येथें अनेक बारीक बीजें आहेत. त्यांची बेरीज एका उंबरठ्यापलीकडे गेली म्हणजे व्याधि प्रकट होते.

हें खरें ठरावयास संगणकाचें युग यावें लागलें. अनेक देशांतील संशोधकांच्या मंडळानें २०१४ सालीं ३६,९८९ रोगी आणि १,१३,०७५ निरोगी माणसें यांचीं जनुकें ताडून १०८ ठिकाणें दाखविलीं. २०२२ सालीं ७६,७५५ रोगी आणि २,४३,६४९ निरोगी घेतले, तेव्हां तीं २८७ झालीं. यांतील बहुतेक प्रत्येक ठिकाणाचा परिणाम किती, म्हणाल तर शंभरांत एक हा धोका फार तर शंभरांत एक पूर्णांक एक दशांश व्हावा, एवढाच. त्यांतलीं पुष्कळशीं उन्माद-विषादाच्या व्याधींतहि वांटेकरी आहेत. क्रेपेलिननें वेगळ्या केलेल्या दोन्ही बहिणी मुळाशीं पुन्हां एकमेकींना भेटतात. कांहीं दुर्मिळ दोष मात्र जबर आहेत. बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा ज्यांच्यांत गळलेला असतो, त्यांपैकीं सुमारें चौथाई लोकांना मोठेपणीं असा मनोविकार होतो. पण असे लोक थोडे. एका जनुकाचें काम थोडेंसें उलगडलें आहे. पौगंडावस्थेंत मेंदू आपल्यांतले अनावश्यक सांधे माळ्याप्रमाणें छाटून टाकीत असतो. ही छाटणी वाजवीपेक्षां अधिक करविणारें एक रूप २०१६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें. व्याधि नेमकी त्याच वयाच्या सुमारास कां येते, याचा कदाचित् हा एक धागा असेल.

या शेंकडों बारीक बीजांपैकीं कांहीं प्रत्येकाजवळ असतात. तुमच्याजवळ आहेत, माझ्याजवळ आहेत, आणि जिन्यांत उभे राहून प्रश्न विचारणाऱ्या त्या मध्यस्थाजवळहि आहेत.

माझा एक विद्यार्थी होता. अपूर्णांकांची गणितें तोंडीं करणारा, अक्षर मोत्यासारखें. पदवीच्या दुसऱ्या वर्षीं त्यास या व्याधीनें गांठलें. त्याच्या धाकट्या बहिणीचीं दोन स्थळें त्यामुळें ऐन वेळीं मोडलीं, आणि तिसऱ्या वेळीं घरच्यांनीं भावाचें अस्तित्वच लपविलें. तिला होणाऱ्या मुलांना असलेला धोका गॉट्समनच्या कोष्टकाप्रमाणें शंभरांत चार होता, म्हणजे शहाण्णव मुलांना कांहीं होणार नव्हतें. तें कोष्टक त्या वेळीं ना तिच्या बापाजवळ होतें, ना स्थळें मोडणाऱ्यांजवळ. लपविलेली गोष्ट लग्नानंतर वर्षभरांत उघडकीस आली आणि मग जें व्हावयाचें तें झालें.

आपल्या कायद्यानेंहि या व्याधीचें नांव घेतलें आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत १९७६ सालीं दुरुस्ती होऊन घटस्फोटाच्या कारणांतील मानसिक विकाराच्या व्याख्येंत छिन्नमनस्कता स्पष्टपणें घातली गेली. नुसतें नांव चिकटविलें कीं संसार मोडतां येतो, असें पुष्कळांना वाटूं लागलें. १९८८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें मानलें नाहीं. व्याधीचें नांव पुरेसें नसून ती इतकी तीव्र असली पाहिजे कीं, जोडीदारानें एकत्र राहावें अशी अपेक्षाच करतां येऊं नये, असा निर्णय त्यानें दिला. औषधानें आणि सांभाळानें पुष्कळ रोगी नोकऱ्या करतात, संसार करतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे या निर्णयाचें मोल कळतें.

रक्त तपासून कोणाला ही व्याधि होईल, हें आज सांगतां येत नाहीं. लग्नापूर्वीं तशी तपासणी करून देतों असें कोणी म्हणूं लागला, तर त्याला पैसे देऊं नयेत. शिवाय वर सांगितलेल्या प्रचंड आंकड्यांतील बहुसंख्य माणसें युरोपीय वंशाचीं आहेत. त्यांच्यावरून काढलेला हिशेब आपल्या लोकांना तंतोतंत लागू पडत नाहीं. चेन्नईच्या एका संस्थेनें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांच्या साह्यानें भारतीय रोग्यांवर केलेला असा अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला.

रूदिनला १९४५ सालीं अटक झाली. तो सुटला व १९५२ सालीं वारला. त्याच्या कायद्याखालीं न्यायालयांनीं दिलेले निर्णय जर्मनीच्या लोकसभेनें १९९८ सालीं रद्द ठरविले, आणि नोव्हेंबर २०१० मध्यें बर्लिन येथें जर्मनीच्या मनोवैद्यांच्या संघानें आपल्या अध्यक्षाच्या तोंडून त्या रोग्यांची व त्यांच्या घरच्यांची क्षमा मागितली. तेव्हां त्या घटनांस पासष्टाहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.